सिम्युलेटरवरचं विमान आणि खरं विमान: आपण नेमकं काय शिकतो?



मागचं व्याख्यान मी घरून दिलं होतं. कॅमेऱ्यात माझ्यामागचं टेबल दिसत होतं आणि त्या टेबलावर एक काळी दांडी होती. नंतर चार-पाच जणांनी विचारलं, सर, ती दांडी कसली? तर ती जॉयस्टिक आहे. निवृत्तीनंतर नातवानं मला संगणकावर विमान उडवायला शिकवलं आणि मला त्याचं वेडच लागलं. आज त्याबद्दल बोलायचं आहे. घरात बसून केलेलं उड्डाण आणि खरं उड्डाण यांत फरक काय, हा प्रश्न वरवर यंत्राचा वाटतो. पण जरा खोलात गेलं की तो ज्ञानाचा प्रश्न होतो. एखादी गोष्ट मला ‘येते’ असं मी म्हणतो, तेव्हा नेमकं काय आलेलं असतं?

आधी एक अनुभव सांगतो. माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात, डेटनजवळ राहते. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. मी तिच्याकडे गेलो असताना तिनं मला वाढदिवसाची भेट म्हणून जवळच्या एका छोट्या विमानतळावर तासाभराचं उड्डाण ठरवून दिलं. सेसना १७२ हे चार आसनांचं विमान, शेजारी प्रशिक्षक, आणि काही वेळ विमान आपल्या हातात. मी खूश होतो, कारण हेच विमान मी पुण्यातल्या माझ्या खोलीतून शेकडो वेळा उडवलं होतं.

पहिल्या दिवशी गेलो, तर आभाळ खाली उतरलेलं. प्रशिक्षक म्हणजे जेमतेम पंचविशीची मुलगी. ती म्हणाली, आज नाही. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं, पण वारा धावपट्टीला आडवा. पुन्हा तेच, आज नाही. मी वैतागलो. तिला म्हटलं, “कालच्यासारख्या ढगांतून मी घरी कितीदा गेलोय.” तिनं शांतपणे विचारलं, “ढगात शिरलात, मग पुढं काय झालं?” खोटं कशाला बोला! एकदा मी लोणावळ्याच्या आसपास डोंगरावर आपटलो होतो. तेही सांगितलं. ती म्हणाली, “मग?” मी म्हटलं, “मग उठून चहा केला.” (हशा) तीही हसली. पण विमानाची किल्ली काही तिनं काढली नाही.

हा चहा लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

कुंपण, घोडा आणि लाकडी घोडा

१९०१ च्या सप्टेंबरात विल्बर राइटनं शिकागोमध्ये अभियंत्यांच्या एका संस्थेपुढं भाषण केलं. इंजिनाचं विमान अजून उडायचं होतं, ते १९०३ च्या डिसेंबरात उडालं. त्या भाषणात त्यानं दिलेला दाखला फार बोलका आहे. तो म्हणतो, मस्तीखोर घोड्यावर बसायला शिकण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे सरळ त्याच्या पाठीवर चढायचं. दुसरी म्हणजे कुंपणावर बसून त्याचं निरीक्षण करायचं आणि घरी जाऊन विचार करायचा. दुसरी रीत सुरक्षित. पण चांगले घोडेस्वार तयार होतात ते पहिलीतून. उडण्याचंही तसंच आहे, असं त्याचं म्हणणं.

त्याच भाषणात त्यानं आणखी एक हिशेब मांडला. जर्मनीचा ओट्टो लिलिएंथाल हा ग्लायडरचा महान प्रणेता. १८९६ साली तो ग्लायडर कोसळूनच गेला. विल्बरचा अंदाज असा, की पाच वर्षांच्या खटपटीत हा माणूस प्रत्यक्ष हवेत एकूण पाचेक तासच होता. विचार करा. पाच तासांत आपल्याला सायकल तरी धड येते का? म्हणजे अडचण दुहेरी होती. घोड्यावर बसल्याशिवाय शिकता येत नाही, आणि बसलं तर शिकायला पुरेसा वेळ मिळण्याआधीच जीव जाऊ शकतो.

यावर माणसानं तिसरी वाट काढली, लाकडी घोड्याची. १९१० च्या आसपास फ्रान्समध्ये आंत्वानेत या विमानासाठी एक गमतीदार साधन केलं होतं. कापलेल्या पिंपावर शिकाऊ वैमानिकाची खुर्ची बसवायची. बाहेर उभी असलेली माणसं ते पिंप हलवायची आणि त्यानं आतून चाकं फिरवून तोल सावरायचा. पुढं १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक या गृहस्थानं खरी मजल मारली. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीला भाता असतो ना, तसे हवेचे भाते वापरून त्यानं डुलणारं, वळणारं, छोटंसं खोटं विमान बनवलं. सुरुवातीला ते कोणी गंभीरपणे घेईना. जत्रेतलं खेळणं म्हणून ते मनोरंजनाच्या बागांमध्ये विकलं गेलं.

मग १९३४ साल उजाडलं. अमेरिकेत टपाल वाहून नेण्याचं काम काही काळ लष्करी वैमानिकांकडे आलं. हिवाळा, रात्र, ढग आणि धुकं. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. ते चांगले वैमानिक होते, पण बाहेरचं दिसेनासं झालं की केवळ काट्यांकडे बघून विमान सांभाळण्याची सवय त्यांना नव्हती. तेव्हा लष्करानं लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात हीच यंत्रं हजारोंनी बनली आणि लाखो तरुण त्यांवर शिकले. लक्षात घ्या, ही बंद पेटी होती. झाकण लावलं की बाहेरचं काही दिसायचं नाही, समोर फक्त काटे. म्हणजे सिम्युलेटरनं पहिलं मोठं काम केलं ते उडायला शिकवण्याचं नव्हे, न बघता उडायला शिकवण्याचं. हा भेद आपल्याला पुढं उपयोगी पडेल.

घरातल्या संगणकावर ही गोष्ट आली ती १९८० च्या सुमारास, ब्रूस आर्टविक यांच्या प्रोग्रॅममुळं. त्यातूनच १९८२ साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर निघाला. तेव्हा पडद्यावर चार रेघा दिसायच्या. त्याच मालिकेतल्या २०२० च्या आवृत्तीत मला सह्याद्रीच्या रांगा दिसतात, आणि आत्ता पुण्यावर जसं हवामान असेल तसं आभाळही दिसतं.

माहीत असणं, येणं आणि कळणं

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच. (हशा)

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं एक भेद ठसवला. अमुक गोष्ट अशी आहे हे जाणणं वेगळं, आणि अमुक गोष्ट करता येणं वेगळं. हे इंग्रजीत समजावून सांगायला बरीच पानं लागतात. मराठीत मात्र तो भेद रोजच्या क्रियापदांतच आहे. पोहण्याबद्दल मला ‘माहीत असतं’, पण पोहायला मला ‘येतं’. आणि मराठीत तिसरंही एक क्रियापद आहे. घरातली वडीलधारी माणसं कोणाबद्दल म्हणतात, “सगळं माहीत आहे त्याला, येतंही सगळं, पण कळत नाही.” कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, कधी निघायचं, कधी थांबायचं हे ‘कळणं’. माहीत असणं, येणं आणि कळणं. माझा आजचा सगळा मुद्दा या तीन क्रियापदांत आहे. घरचा सिम्युलेटर पहिलं उत्तम शिकवतो, दुसरं अर्धंमुर्धं शिकवतो. आणि तिसरं? ते तो आपण होऊन शिकवत नाही. उलट, आपण सावध नसलो तर थोडंसं विसरायला लावतो.

पहिल्यापासून सुरुवात करू. कॉकपिटमध्ये कुठला काटा कुठं, इंजिन सुरू करण्याचा क्रम काय, चेकलिस्ट कशी वाचायची, नकाशावर मार्ग कसा आखायचा, रेडिओवरच्या दिशादर्शक संकेतांवरून धावपट्टीकडे कसं यायचं, हे सगळं घरी शिकता येतं. चांगलं शिकता येतं. शिवाय स्वस्तात, कारण हवेत गोंधळ उडाला तर त्या गोंधळाच्या मिनिटांचंही पेट्रोल जळत असतं. मी डेटनला कॉकपिटमध्ये बसलो तेव्हा एकही काटा अनोळखी नव्हता. प्रशिक्षक मुलीलाही त्याचं आश्चर्य वाटलं.

अमेरिकेच्या नियमांत याचा एक सुरेख पुरावा सापडतो. नेहमीच्या मार्गानं खासगी वैमानिकाचा परवाना घ्यायचा, तर किमान ४० तास लागतात. त्यांत मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे जास्तीत जास्त अडीच तास धरले जातात. आता दुसरा परवाना बघा, ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारानं उडण्याचा. त्यासाठीही उपकरणांवरचे ४० तास लागतात. पण त्यांतले २० तासांपर्यंत प्रगत प्रकारच्या मान्यताप्राप्त साधनावर, प्रशिक्षकासमोर केलेले चालतात. एकीकडे अडीच, दुसरीकडे वीस! माझ्या घरच्या टेबलावरचे तास अर्थातच दोन्हींकडे शून्य. नियम करणाऱ्यांनी राइल वाचला असेल-नसेल, पण त्यांना भेद बरोबर समजला आहे. काटे वाचून निर्णय घेणं जमिनीवर बरंचसं शिकता येतं. विमान हातानं उडवणं फारसं शिकता येत नाही.

हात, पाय आणि कान

का शिकता येत नाही? तिसऱ्या दिवशी आम्ही शेवटी उडालो, तेव्हा मला ते समजलं.

उडण्याआधीच पहिला धडा मिळाला. तिनं पंखाखालून एका पारदर्शक भांड्यात थोडं पेट्रोल काढलं आणि उजेडात धरून मला दाखवलं. ते निळसर असतं. त्यात पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. मग टाकीत पट्टी घालून पेट्रोल किती आहे ते मोजलं. घरी मी एकदाही पेट्रोल तपासलं नव्हतं. तिथं ते कायम शुद्ध असतं आणि मी सांगीन तेवढं असतं.

वर गेल्यावर तिनं दांडा माझ्या हातात दिला, आणि दोन मिनिटांत समोरच्या काट्यांवर चक्क झाकणं लावली. म्हणाली, “बाहेर बघा.” सिम्युलेटरवर शिकून आलेल्या माणसाची ही ओळखच असते म्हणे, तो सारखा काट्यांकडे बघतो. बरोबरच आहे. घरी माझ्यासमोर एक पडदा असतो. खऱ्या विमानात क्षितिज डावीकडे, उजवीकडे, डोळ्यांच्या कडेलाही असतं. नाक किती वर आहे ते त्या क्षितिजावरून समजायला हवं. मला समजत नव्हतं. विमान वर-खाली, वर-खाली, समुद्रातल्या होडीसारखं.

दुसरी गोष्ट हाताची. माझ्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग आहे. सोडली की ती मध्यावर येते, नेहमी त्याच जागी. खऱ्या विमानात दांड्याला जाणवणारा जोर हवेचा असतो. वेग वाढला की तो घट्ट होतो, वेग कमी झाला की सैल पडतो. विमान स्टॉलच्या जवळ आलं, म्हणजे पंखांची उचल संपायला आली, की तो मऊ पडतो आणि थरथरतो. हात वैमानिकाला सतत बातमी देत असतो. आणि ट्रिम नावाचं छोटं चाक असतं, त्यानं तो जोर नाहीसा करायचा, म्हणजे विमान आपोआप त्या वेगाला स्थिरावतं. घरी मी ट्रिम आकडा बघून लावायचो. खरं तर ती बोटांनी लावायची असते.

तिसरी गोष्ट पायांची. वळताना रडर लागतो, तो पायांनी द्यायचा. माझ्याकडे घरी पेडलच नाहीत, संगणक ते काम परस्पर करतो. मला वाटत होतं मला वळता येतं. येत होतं ते अर्धंच.

आणि चौथी गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची, कानाची. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळायला लागलं की द्रव मागं राहतो आणि मेंदूला समजतं, वळतोय. पण वळणं एकाच वेगानं चालू राहिलं की काही सेकंदांत द्रवही सोबत फिरू लागतो, आणि मेंदूला वाटतं, थांबलं वळणं. तिनं मला डोळे मिटायला सांगितलं. थोड्या वेळानं विचारलं, “आपण कुठं चाललोय?” मी ठामपणे म्हटलं, “सरळ.” डोळे उघडले, तर विमान डावीकडे झुकून गोल फिरत होतं. मंडळी, माझी खात्री शंभर टक्के होती आणि ती शंभर टक्के चूक होती.

ढगात नेमकं हेच होतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेले २० वैमानिक घेतले. खऱ्या विमानात, प्रशिक्षक शेजारी असताना, त्यांना बाहेरचं दिसेनासं केलं. विसांच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. बहुतेक जण नकळत वळत, गोल फिरत खाली जाणाऱ्या गिरकीत सापडले. पुढं साधं तंत्र शिकवल्यावर त्यांतल्या बहुतेकांना सुखरूप मागं फिरता आलं, हेही सांगितलं पाहिजे. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी यांचा मुलगा, त्याची बायको आणि मेहुणी मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळून गेले. धूसर रात्र, खाली काळं पाणी, क्षितिज नाही. उपकरण-उड्डाणाचा परवाना त्याच्याकडे नव्हता. चौकशीचा निष्कर्ष होता, दिशाभ्रमामुळं ताबा सुटला.

आता माझ्या खोलीकडे या. ढगांतून उडणं मला घरी इतकं सोपं का वाटत होतं? कारण घरी माझं शरीर गप्प असतं. मी स्थिर खुर्चीवर बसलेला. काटा सांगतो, डावीकडे झुकला आहेस. मी म्हणतो, बरं. खऱ्या ढगात काटा सांगतो, झुकला आहेस, आणि अख्खं शरीर ओरडून सांगतं, खोटं आहे, तू सरळ आहेस. काटा वाचता येणं हे त्यातलं सोपं काम. स्वतःच्या शरीराचं न ऐकणं हे अवघड काम. घरी न ऐकण्यासारखं काही नसतंच, मग त्याचा सराव कसा होणार?

कोणी म्हणेल, विमान कंपन्यांचे मोठे हलणारे सिम्युलेटर असतात, त्यांचं काय? ते खरोखर थोर आहेत. सहा पायांवर उभी केबिन असते. विमान वेग घेतंय असं भासवायचं असेल तर ती हळूच मागं कलते, आणि पाठीला खुर्चीचा दाब जाणवतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणालाच वेगाचं सोंग घ्यायला लावतात. आज अनुभवी वैमानिक नव्या प्रकारच्या विमानाचं सगळं प्रशिक्षण अशा यंत्रावर घेऊ शकतो, आणि त्या विमानातलं त्याचं पहिलं खरं उड्डाण प्रवाशांसकट होऊ शकतं, शेजारी प्रशिक्षक असतो. हे चालतं, कारण तो आधीच वैमानिक आहे. शरीराचे आणि हवेचे धडे त्यानं आधी हवेतच घेतलेले असतात.

यशसुद्धा खोटं असू शकतं

आता ‘कळणं’. इथं आपल्या न्यायदर्शनाची मदत घेऊ. नैयायिक विचारतात, माझं ज्ञान खरं आहे हे मला कसं समजतं? ते म्हणतात, त्यानुसार वागून बघा. दूरवर पाणी दिसलं. गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे ज्ञान खरं. वाळू हाती लागली, म्हणजे ते मृगजळ होतं. कृती सफळ झाली की ज्ञानाला दाखला मिळाला.

सिम्युलेटरची अडचण अशी, की तिथं मृगजळ प्यालं तरी तहान भागल्याचा निरोप येतो. कृती सफळ होते, पण ते यश प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं दिलेलं असतं.

याची किंमत एकदा फार मोठी पडली. १२ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं उड्डाण न्यूयॉर्कहून निघालं आणि काही मिनिटांत क्वीन्समधल्या वस्तीवर कोसळलं. २६५ माणसं गेली. पुढं गेलेल्या मोठ्या विमानानं ढवळलेली हवा लागली होती. तेवढ्यानं विमान पडत नाही. पण सहवैमानिकानं रडर पूर्ण ताकदीनं एकीकडून दुसरीकडे, पुन्हा उलट, असा फिरवला आणि शेपटीचा उभा भाग तुटून गेला. चौकशीत रडरच्या रचनेइतकंच बोट प्रशिक्षणाकडेही गेलं. सिम्युलेटरवरच्या एका धड्यात ढवळलेल्या हवेचा परिणाम वास्तवापेक्षा भयंकर दाखवला होता. विमान फार कलेपर्यंत वैमानिकाच्या हालचालींना दाद मिळत नसे, त्यामुळं जोरकस हालचाली कराव्यात अशी समजूत होऊ शकत होती. धड्यात ते खपून जायचं. हवेत ते अंगावर आलं. तो वैमानिक अडाणी नव्हता. कंपनीच्या महागड्या, मान्यताप्राप्त यंत्रावर हे घडलं, तर माझ्या टेबलावरच्या दांडीची काय कथा!

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरून निघालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी गेले. कॅप्टन सलनबर्गर यांनी सुमारे साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीवर उतरवलं, १५५ च्या १५५ माणसं वाचली. नंतर चौकशीसाठी सिम्युलेटरवर बघण्यात आलं, की परत विमानतळावर पोचता आलं असतं का? पक्षी लागताक्षणी वळलेल्या वैमानिकांपैकी काहींना पोचता आलं. मग एकदा ३५ सेकंद उशिरा वळून बघितलं. पोचता आलं नाही.

हे ३५ सेकंद कसले? काय झालंय हे समजायला, विश्वास बसायला, काय करायचं ते ठरवायला लागणारा वेळ. सिम्युलेटरमधल्या वैमानिकांना काय होणार हे आधीच ठाऊक होतं. खऱ्या आकाशात ते कोणाला ठाऊक नसतं. यंत्र तेच, आकडे तेच, हवा तीच. फरक फक्त न ठाऊक असण्याचा. तो पडदा कितीही सुबक केला तरी भरून निघत नाही.

चहाकडे परत

आता तो चहा. डेटनहून परतल्यावर मी विचार केला. इतक्या वर्षांत मी घरी शेकडो उड्डाणं केली. त्यांतली रद्द किती केली? एकही नाही. घरी कोणी उड्डाण रद्द करत नाही, कशाला करेल? वादळ दिसलं की उलट आपण म्हणतो, मजा येईल. आपटलो तर एक बटण दाबायचं, विमान पुन्हा धावपट्टीवर.

प्रत्येक उड्डाणानं माणूस काही ना काही शिकत असतो. मी शिकत होतो, की निघायचंच. जायचं की नाही हा प्रश्नच मला पडेनासा झाला होता. त्या प्रशिक्षक मुलीनं मात्र दोन दिवसांत दोनदा ‘आज नाही’ म्हटलं होतं. तिचे पैसे बुडाले, मी नाराज झालो, तरी म्हटलं. माझ्या मते त्या तीन दिवसांतलं सगळ्यांत कुशल उड्डाण तिनं त्या दोन दिवशी केलं, जमिनीवर उभं राहून. मी त्याला उशीर समजत होतो.

प्रश्नोत्तरं

*एक तरुण श्रोता: सर, मला वैमानिक व्हायचंय. सिम्युलेटरवर माझे आठशे तास झालेत. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. या आठशे तासांचा काही उपयोग आहे की नाही?*

आहे. पण तू समजतोस तो नाही. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, आणि तुझे आठशे त्यांत एक मिनिटही कमी करणार नाहीत. मात्र चेकलिस्ट, रेडिओ, उपकरणं यांत तू गोंधळणार नाहीस, आणि हवेतला प्रत्येक तास महाग असताना ही लहान गोष्ट नाही. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना सांग, की मी सिम्युलेटरवर शिकून आलोय, माझ्या वाईट सवयी आधी मोडा. त्यांना ते आवडेल. आणि एक कर. बाबांनी कर्ज काढण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घे, आणि एकदा खऱ्या छोट्या विमानात बसून ये. पोटाला आणि मनाला ते मानवतं का, हे आठशे तासांनी तुला अजून सांगितलेलं नाही.

तोवर घरी उडताना चार नियम पाळ. मध्येच थांबवायचं बटण वापरायचं नाही. उघड्या हवेत उडताना काट्यांवर कागद लावायचा. बिघाड कधी आणायचा ते मित्राला ठरवू दे, तुला न सांगता. आणि निघण्यापूर्वी खरं हवामान लावून स्वतःला विचार, मागच्या सीटवर आई बसली असती तर मी आज निघालो असतो का? उत्तर नाही असेल, तर संगणक बंद करायचा.

*एक श्रोत्या: मग सर, तुम्ही स्वतः आता घरी उडवता की सोडून दिलं?*

छे, सोडतोय कसला! (हशा) पेडल घेतलेत. आता वळणं जरा बरी होतात. आणि एक वही ठेवली आहे. जुलैमध्ये लोहगावहून जुहूला जायचं ठरवलं होतं, खरं हवामान लावून. सगळी तयारी झाली, इंजिन सुरू केलं. घाटावर ढग बसलेले दिसत होते. दहा मिनिटं बघत बसलो आणि इंजिन बंद केलं. वहीत लिहिलं, रद्द. नातू शेजारीच होता. तो म्हणाला, “आजोबा, अहो खोटं विमान आहे ते.” मी म्हटलं, “विमान खोटं आहे रे, सवय खरी आहे.”

मग आम्ही दोघांनी चहा घेतला. पण या वेळी आपटल्याशिवाय.